ढवळ्या, पवळ्या आणि आमचा बाळ्या

गेल्या मे महिन्यात आत्याकडे गेले होते. राजापूरपासून आत, एसटी जिथून परत फिरते तिथून पुढे वीसेक मिनिटं चालत. सकाळी सातला वाशीला जाणारा टेम्पो यायचा होता, साडेनऊ वाजले तरी पत्ता नाही, पडवीत सत्तर पेट्या बांधून तयार आणि उन्हं चढायला लागलेली. शेवटी एकदाचा टेम्पो आला, ड्रायव्हर खाली उतरून हसत हसत काहीतरी बोलला आणि झालं. माझा धाकटा भाऊ बाळ्या असा काही भडकला की ओसरीवरचं मांजर उठून माळ्यावर गेलं. मान लाल, उजवा हात कमरेवर, डाव्या हाताचं बोट हवेत, वाक्य अर्ध्यात तोडायचं आणि तेच वाक्य परत पहिल्यापासून सुरू करायचं. दोनेक मिनिटं हे चाललं, मग एकदम वळून विहिरीकडे चालता झाला. दहा मिनिटांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसत परत आला आणि त्याच ड्रायव्हरला विचारतो, "काही खाल्लंस का रे सकाळपासून?"

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता तो तसाच राहिला. कारण हे सगळं मी शेकडो वेळा बघितलेलं होतं, डोंबिवलीच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत. ती मान, ते बोट, ते तुटलेलं वाक्य, ती दहा मिनिटं आणि नंतरची ती खाल्लंस का, चहा घेणार का. हे बाबा होते. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली.

तुम्ही म्हणाल यात काय एवढं, मुलगा बापावर जाणारच. पण बाळ्या बाबांजवळ वाढलाच नाही.

१९८२ साली आईला टीबी झाला. बाळ्या तेव्हा दीड वर्षाचा, मी साडेतीन-चारची. एकच खोली, तिच्यातच स्वयंपाक, तिच्यातच झोपणं. डॉक्टर म्हणाले लहानग्याला लांब ठेवा. मला खालच्या मजल्यावर आजीकडे झोपवायला लागले आणि बाळ्याला बाबा रातराणीने आत्याकडे पोचवून आले. आत्याला मूलबाळ नव्हतं. सहा महिन्यांसाठी असं ठरलं होतं. सहाचे बारा झाले, आई बरी झाली, आणायला गेली तर हा आत्याच्या पदराआड लपला आणि बाहेरच येईना. आई दोन दिवस राहिली आणि एकटी परत आली. मग कधीतरी शाळेत नाव घालायची वेळ आली तेव्हा काकांचं आडनाव लागलं (आत्याच्या यजमानांना आम्ही काकाच म्हणतो). समारंभ नाही की कागदपत्रं नाहीत, आणि घरात त्यावर बोलणं तर नाहीच नाही. बाळ्या आत्याला आई म्हणतो. जिने जन्म दिला तिला मामी, आणि बाबांना मामा. मी तेवढी दोन्ही बाजूंनी ताई.

आता आत्याचं घर कसं, तर काका दिवसाला मोजून चाळीसेक शब्द बोलतात, त्यातले निम्मे बैलांशी, म्हणजे बैल होते तेव्हा. आत्या बोलते भरपूर पण आवाज चढवून नाही. त्या घरात कुणी कुणावर ओरडलेलं मी तरी ऐकलेलं नाही. मग हा कुणाकडून शिकला? बाबांकडून शिकला म्हणावं तर बाबा त्याला वर्षातून आठ दिवस दिसायचे, मे महिन्यात, आणि बहिणीच्या घरी गेले की ते एकदम पाहुणे. खाली मान, हसरा चेहरा, वाढलेलं सगळं गोड मानून घेणार. बाबांचा राग हा खास डोंबिवलीचा माल होता, तो एसटीत चढायचा नाही.

बाळ्या लहान असताना आत्या एक म्हण सारखी म्हणायची. हा काकांसारखे हात मागे बांधून बागेतून फिरायला लागला, जेवताना त्यांच्यासारखाच आधी कोरडा भात खाऊन मग आमटी ओतून घ्यायला लागला, सुतळीचा प्रत्येक तुकडा गुंडाळी करून खिशात ठेवायला लागला, की ती हसून म्हणायची, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला." वाण म्हणजे बैलाचा मूळ रंग, जात, जन्माने आलेलं. आणि गुण शेजारच्या दावणीचा. म्हण तशी तक्रारीची आहे, वाईट संगतीबद्दल वापरतात, पण आत्याच्या तोंडी ती कौतुकाची होती, आणि आता कळतं की थोडी धास्तीचीही असावी. आपल्या दावणीचा गुण त्याला लागतोय ना, हे ती सतत तपासत होती.

टेम्पो गेल्यावर मी तिला म्हटलं, "आत्या, हा अगदी बाबा दिसला गं मघाशी." ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "दिसणारच. वाण कुठे जाईल?"

म्हणजे तिला हे आधीपासून माहीत होतं.

परत आल्यावर महिनाभर माझ्या डोक्यात हेच. मी बँकेत काम करते, बायोलॉजीशी संबंध बारावीनंतर संपलेला, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की मी ती सोडत नाही (हा गुण आईचा). रात्री मुलं झोपली की मोबाईलवर वाचत बसायचं. मला जो प्रश्न आमच्या घरापुरता वाटत होता त्यावर माणसांनी दीडशे वर्षं घासाघीस केलेली आहे हे कळल्यावर जरा हलकं वाटलं, आणि जरा रागही आला की इतकी वर्षं घासून अजून नीट सांगता येत नाही म्हणजे काय.

पहिला मोठा प्रयत्न केला फ्रान्सिस गॉल्टनने, डार्विनचा हा नातेवाईक, १८७५ साली त्याने जुळ्यांवर निबंध लिहिला. कल्पना साधी होती, जुळी म्हणजे निसर्गाने आयता करून दिलेला प्रयोग. हाच माणूस पुढे १८८३ मध्ये युजेनिक्स (म्हणजे चांगल्या वाणाची माणसं निवडून वाढवायची) हा शब्द घेऊन आला आणि त्या शब्दाने पुढच्या शतकात काय काय करून घेतलं ते आपल्याला माहितीये. म्हणून या विषयाला हात लावताना मला कायम जरा भीती वाटते. आपल्याकडे तर जास्तच. "रक्तातच आहे त्यांच्या" हे वाक्य आपल्याकडे एका माणसाबद्दल कधीच नसतं, ते अख्ख्या आळीबद्दल असतं.

पण जुळ्यांचा प्रयोग समजून घ्यायला मला इंग्रजी लेखांपेक्षा काकांची बाग जास्त उपयोगी पडली, खरं सांगते. हापूसची कोय लावली तर हापूस येत नाही. झाड येतं, आंबा पण येतो, पण तो रायवळ, कसा निघेल ते देव जाणे, कधी मधासारखा तर कधी नुसते धागे. हापूस पाहिजे तर कलमच बांधायला लागतं. रायवळाच्या कोयीचं रोप खुंट म्हणून घ्यायचं आणि त्यावर हापूसची काडी बांधायची. म्हणजे कोकणातली हापूसची सगळी कलमं एका अर्थाने एकच झाड, कापून कापून वाटलेलं. आणि रायवळ प्रत्येक वेगळं, एकाच झाडाच्या दहा कोयी लावा, दहा तऱ्हा. एकसारखी जुळी म्हणजे कलमं. आपण बाकीची सगळी भावंडं रायवळ. आईबाबांचे पत्ते पिसून प्रत्येकाला वेगळे पत्ते वाटलेले. मला आईचा अबोला आला, बाळ्याला बाबांची मान आणि बोट.

आणि गंमत बघा, कलम एकच असलं तरी देवगड-रत्नागिरीच्या कातळावरचा हापूस आणि घाटावर कुणी हौसेने लावलेला हापूस यांची चव एक नसते. वाण तोच, माती वेगळी. २०१८ साली हापूसला जीआय (अमुक भागातलाच माल त्या नावाने विकायचा, असा सरकारी शिक्का) मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांपुरतं, म्हणजे सरकारनेही मान्य केलं की नुसत्या वाणाने भागत नाही. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग?" त्या दिवसाचे त्यांचे एकोणचाळीस शब्द शिल्लक.

तर वेगळ्या मातीत लावलेली माणसाची कलमं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये जन्मानंतर ताटातूट झालेली जुळी शोधायला सुरुवात केली. त्याची पहिली जोडी जगप्रसिद्ध झाली. ओहायोतले दोघे भाऊ, चार आठवड्यांचे असताना वेगळ्या घरी दत्तक गेलेले, एकोणचाळीसाव्या वर्षी भेटले. दोघांचंही नाव जिम. दोघांच्या पहिल्या बायकांची नावं लिंडा, दुसऱ्या बायकांची बेटी. दोघेही नखं खाणारे, दोघांचंही डोकं एकाच पद्धतीने दुखणारं, लहानपणी दोघांकडे कुत्रा आणि त्याचं नाव टॉय. हे वाचून पहिल्यांदा अंगावर काटा येतो. दुसऱ्यांदा वाचताना माझ्यातली बँकवाली जागी झाली. बायकोचं नाव जीन्समध्ये कसं असेल? त्या काळच्या अमेरिकेत गल्लीगल्लीत लिंडा असणार. आणि दोन माणसांत हजार गोष्टी तपासल्या तर पाचपंचवीस जुळणारच, न जुळलेल्या कुणी छापत नाही. नखं आणि डोकेदुखी मात्र मी बाजूला काढून ठेवली, त्या गोष्टी नावांसारख्या नाहीत.

मी बाळ्याच्या बाबतीतही हेच करत नाहीये ना, हा प्रश्न तेव्हाच पडला. बाबांसारखं दिसलं ते मनात राहिलं, बाकीचं सुटलं. उदाहरणार्थ बाळ्या गातो. बाबांना सूर म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

एका जोडीवरून काही ठरत नाही म्हणून मग आकडे. २०१५ मध्ये एक मोठा हिशोब प्रसिद्ध झाला, पन्नासेक वर्षांत जगभरात जुळ्यांवर जेवढे अभ्यास झाले, २७४८ पेपर, त्यांची बेरीज. १ कोटी ४५ लाखांवर जोड्या आणि उंचीपासून स्वभावापर्यंत १७,८०४ गुणधर्म. सगळ्यांची सरासरी काढली तर हेरिटॅबिलिटी ४९ टक्के. हा आकडा बातम्यांत "निम्मं जीन्स, निम्मे संस्कार" असा फिरला आणि व्हॉट्सॲपवर माझ्यापर्यंतही तसाच पोचला. वाचायला बरं वाटतं, पण त्याचा अर्थ तो नाहीच.

मला समजलं ते असं. हेरिटॅबिलिटी एका माणसाबद्दल काही सांगतच नाही. बाळ्याचा अर्धा राग बाबांचा आणि अर्धा राजापूरचा असं मोजता येत नाही, जसं पोळीतला किती भाग कणकेचा आणि किती तव्याचा हे विचारण्यात अर्थ नसतो. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती फरक जीन्समधल्या फरकाशी जोडता येतो, एवढंच ते सांगतं. तेही त्या गटात, त्या परिस्थितीत. उंचीचं बघा. खाऊनपिऊन सुखी समाजात उंचीची हेरिटॅबिलिटी ८० टक्क्यांच्या आसपास येते, तरीही माझा मुलगा अकराव्या वर्षीच बाबांच्या खांद्याला लागला असता. एका पिढीत जीन्स थोडेच बदलले, दूध-अंडी बदलली. आणि उलटंही खरं, सगळ्यांना एकसारखं घर, एकसारखी शाळा, एकसारखं जेवण दिलंत तर उरलेला फरक जवळजवळ सगळा जीन्सचाच दिसेल, म्हणजे समाज जितका समान तितका हा आकडा मोठा. हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचावं लागलं. २००३ मध्ये एरिक टर्कहायमर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांचं दाखवलं, खात्यापित्या घरांत बुद्ध्यांकाच्या फरकात जीन्सचा वाटा मोठा, अगदी गरीब घरांत जवळजवळ शून्य, तिथे सगळा फरक परिस्थितीचा. सगळीकडे हा निकाल इतका स्पष्ट आलेला नाही, पण मुद्दा कळतो. बी कितीही चांगलं असो, पाणीच नसेल तर कुठलं बी चांगलं ते कळायचा प्रश्नच येत नाही. आणि म्हणूनच "रक्तात आहे त्यांच्या" म्हणणाऱ्यांना या आकड्यांचा काडीचा आधार मिळत नाही, ते दोन आळ्यांतला फरक सांगतच नाहीत.

आता माझ्या घरी या. मला दोन मुलं, मुलगी सोळाची, मुलगा अकराचा. मुलगी तान्ही असताना नवीन माणूस दिसलं की माझ्या खांद्यात तोंड खुपसायची. बालवाडीत दोन महिने दारात उभी राहिली, तिसऱ्या महिन्यात आत जाऊन बसली आणि मग सुट्टीच्या दिवशीही जायचं म्हणायला लागली. तेव्हा सगळ्यांनी मला ऐकवलं, सासूबाईंनी, शेजारणींनी, बालवाडीच्या बाईंनी पण. तू फार चिकटवून ठेवलंस. तू नोकरी करतेस म्हणून ती घाबरते. (हे दोन्ही एकाच आठवड्यात.) मी ते सगळं खरं मानलं आणि रात्री रडले. मग मुलगा झाला, त्याला मी तशीच चिकटवून ठेवला, तशीच नोकरी करत होते, आणि हा पहिल्या दिवशी बालवाडीत मागे वळूनही न बघता आत गेला आणि दुपारपर्यंत एकाला चावला.

आईला दोष द्यायची ही पद्धत काही आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत एक काळ असा होता की मूल ऑटिस्टिक असेल तर डॉक्टर आईला थंड म्हणायचे, फ्रिजसारखी आई, हे शब्द होते त्यांचे. १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी फक्त २१ जुळ्या जोड्या तपासल्या आणि त्या आरोपातली हवा काढली, एकसारख्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम, वेगळ्या, म्हणजे रायवळ, १० जोड्यांत एकातही नाही. तोवर किती बायका स्वतःला कोसत बसल्या असतील.

न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस हे नवरा-बायको, दोघेही मानसोपचारतज्ज्ञ. यांनी १९५६ पासून तान्ह्या मुलांच्या मागे लागून ती मोठी होईपर्यंत नोंदी ठेवल्या. त्यांना दिसलं की काही महिन्यांच्या मुलांतच स्वभाव वेगळे असतात. साधारण ४० टक्के मुलं सोपी, १० टक्के अवघड, १५ टक्के हळूहळू रुळणारी, बाकीची कुठल्याच खणात न बसणारी. हळूहळू रुळणारी! माझ्या पोरीसाठी एवढा साधा शब्द होता आणि मला तो सोळा वर्षं उशिरा मिळाला. पण त्यांचं मला आवडलेलं म्हणणं पुढचंच आहे. स्वभाव चांगला-वाईट नसतो, तो त्या घराशी जुळतो की नाही यावर पुढचं बरंचसं ठरतं. तीच अवघड पोरं एका घरात निभावतात, दुसऱ्या घरात बिघडतात.

आणि घरही काही स्थिर वस्तू नाही, मूल ते बदलत असतं. माझी मुलगी शांत म्हणून मी तिच्याशी हळू बोलते, तिला पुस्तकं आणते. मुलगा भडकतो म्हणून माझा आवाज चढतो, आणि तो फारच चढला की मी एकदम गप्प होते, दोन-दोन दिवस. माझ्या आईसारखी. म्हणजे त्याचा स्वभाव माझ्यातून जे बाहेर काढतो त्या हवेत तो वाढतोय, आणि ती हवा त्यानेच तयार केली की मी की माझ्या आईने, काय सांगणार. एका घरात दोन मुलं वाढवली असं मी लोकांना सांगते, प्रत्यक्षात दोन घरं चालवली.

१९८७ मध्ये रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स यांनी हाच प्रश्न विचारला होता, एकाच घरातली मुलं इतकी वेगळी का? रक्ताचं नातं नसलेली दत्तक भावंडं एकाच छताखाली वाढली तरी मोठेपणी स्वभावाने एकमेकांसारखी जवळपास होत नाहीत, असं आढळतं. म्हणजे आपण ज्याला घरचं वळण म्हणतो, सगळ्या भावंडांना सारखं मिळालेलं, त्याने स्वभाव सारखे होत नाहीत. परिस्थितीचा वाटा आहे, पण तो प्रत्येकाच्या वाट्याला सुटा सुटा येतो. मित्र, आजारपण, मधलं भावंड असणं, एखादे मास्तर, नुसता योगायोग. आंबेवाल्यांना हे सांगायला नको. एकाच फांदीवरचे दोन हापूस, वाण तोच, माती तीच, ऊन तेच, एक कापला की केशरी नितळ आणि दुसऱ्यात पांढरा साका. जमिनीतून येणारी धग हे त्याचं एक कारण सांगतात. पण याच आंब्याला का आणि शेजारच्याला का नाही, हे पेटी भरताना कुणालाच कळत नाही. बाहेरून दोन्ही सारखेच सुंदर.

इथे थांबले असते तर मी आरामात झोपले असते, की चला, आईबापाच्या हातात फारसं काही नाहीच. पण तसंही नाही. रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आणली, १९८९ मध्ये त्याची सत्ता गेली तेव्हा सरकारी अनाथालयांत लाखाच्या वर मुलं होती. पोटाला घालणारं होतं, पण हाकेला ओ देणारं एक ठरलेलं माणूस नव्हतं. २००० साली बुखारेस्टमध्ये चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी अशा १३६ तान्ह्या-रांगत्या मुलांतल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून पालक-कुटुंबात दिलं. निम्मी राहिली तिथेच, आणि त्यांच्याबद्दल वाचताना मला फोन बाजूला ठेवावा लागला. घर मिळालेल्यांची बुद्धी, बोलणं, माणसांचा लळा लागणं सगळं सुधारलं, दोन वर्षांच्या आत गेली त्यांचं सगळ्यात जास्त.

दोन वर्षांच्या आत. बाळ्या दीड वर्षाचा होता, आणि तो घरातून घरात गेला, एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर. हे गणित आईने किंवा बाबांनी केलं असणं शक्यच नाही.

घर तरी कधी सुरू होतं? पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून गरोदर बायकांच्या आणि पुढे त्यांच्या मुलांच्या नोंदी ठेवल्या. त्यातली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोच्या आसपास, पण आपल्या हडकुळ्या बाळांच्या अंगात चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती, पुढे डायबेटिस होण्याची तयारी पोटातूनच. ज्या आयांमध्ये गरोदरपणी बी-१२ कमी होतं त्यांची मुलं नवव्या वर्षी लक्ष देण्याच्या आणि आठवण्याच्या काही चाचण्यांत मागे पडली. मी दोन्ही बाळंतपणांच्या वेळी गर्भसंस्काराची सीडी ऐकली, पैसे देऊन. बी-१२ तपासायचं कुणी सुचवलं नाही. असो.

आणि मग शेवटी, सगळं वाचून कंटाळा यायला लागला तेव्हा, आइसलँड सापडलं. तिथल्या ऑगस्टीन काँग आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा पेपर. आईबापाच्या जीन्सपैकी निम्मे मुलाला मिळतात, निम्मे मिळत नाहीत. यांनी बघितलं काय, तर जे मिळालेच नाहीत त्यांचा मुलाच्या शिक्षणावर परिणाम होतो का. मिळालेच नाहीत तर कसा होईल? पण झालेला होता, मिळालेल्यांच्या परिणामाच्या साधारण ३० टक्के. कारण ते जीन्स आईबापात तर आहेतच, ते आईबापाला तसं बनवतात, आईबाप घर तसं बनवतात आणि मूल त्या घरात वाढतं.

रात्रीचे दीड वाजले होते आणि मी अंधारात एकटीच हसायला लागले. वाण नाही पण गुण लागला! आत्या गोठ्यात उभी राहून जे म्हणत होती त्याला हजारो माणसांचे डीएनए तपासून आकडा लावला होता. नवरा जागा झाला, काय गं म्हणाला. मी म्हटलं, पवळ्या. तो परत झोपला.

दुसऱ्या दिवशी बाळ्याला फोन केला. पाऊस सुरू झाला होता, बाग संपली होती, तो गड्याबरोबर झाडांची आळी साफ करत होता. इकडचं तिकडचं झाल्यावर मी म्हटलं, "तू त्या दिवशी टेम्पोवाल्यावर चिडलास ना, अगदी बाबा चिडायचे तसा."

"मामा चिडायचे?" तो म्हणाला. खरोखर आश्चर्याने. "मामांना मी कधी मोठ्याने बोलतानाही नाही ऐकलं गं ताई."

मग मी सांगितलं त्याला. मान, बोट, तेच वाक्य परत पहिल्यापासून. दहा मिनिटं जिन्यात जाऊन उभं राहणं, कारण दुसरीकडे जायला जागाच नव्हती, आणि जिन्यात चार शेजारी असायचे. परत येऊन चहाचं विचारणं. तो बराच वेळ काही बोलला नाही, पलीकडे पाऊस ऐकू येत होता.

"आणि मामी काय करायची मग?"

"अबोला धरायची. चार-चार दिवस. बाबा चहा विचारायचे आणि ती भिंतीकडे तोंड करून बसायची. त्यांना पुढे बीपी लागलं ते..." मी तिथेच थांबले.

"इथे आई मला विहिरीवर पाठवायची," तो म्हणाला. "लहानपणी. मी असा सुरू झालो की काही बोलायची नाही, कळशी द्यायची हातात. जा, माडांना पाणी घाल म्हणायची. सहा-सात कळश्या शेंदल्या की मी काय म्हणत होतो तेच..." मागून गड्याने कशालातरी हाक मारली. "थांब गं, बांध फुटलाय बहुतेक," म्हणाला आणि फोन चालू ठेवूनच धावला.